आधी कूलरची पाठ बघा: गोडाऊनमधल्या डिझेलच्या धुराबद्दल

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीवर थांबलो: "कॅबिनमध्ये कूलर आहे, तिथं बसलं की जरा बरं वाटतं." उत्तर त्या ओळीपासूनच सुरू करतो.

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात असा. नागपूरजवळ भंडारा रोडवर, कापसीच्या बाजूला एका गोडाऊनमध्ये तुम्ही सहा वर्षांपासून डॉक सुपरवायझर आहात, वय चौतीस. दिवसाला पंचवीस-तीस ट्रक लागतात, आत एक डिझेल फोर्कलिफ्ट फिरते, आणि बिल्टी-चलानचं काम डॉकला लागून असलेल्या कॅबिनमध्ये चालतं. दुपारी चारनंतर डोकं जड होतं, डोळे चुरचुरतात, रात्री खोकला येतो, सकाळी नाक शिंकरलं की काळं निघतं. एक्स-रे काढला, नॉर्मल आला. मालक म्हणतात, गाड्या बीएस-सहा आहेत, पीयूसी आहे, तुम्हाला धुळीची ॲलर्जी असेल. तुम्ही विचारलंय: मास्क कोणता घेऊ, टेस्ट कोणती करू, कॅन्सर होईल का, आणि नोकरी सोडू का.

मी डॉक्टर नाही. कामावरची हवा मोजणं हा माझा व्यवसाय. अठ्ठावीस वर्षं हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांत, उमरेडकडच्या कोळसा खाणींत आणि शहराभोवतीच्या गोडाऊनमध्ये माणसांच्या कॉलरला नळी आणि कमरेला पंप अडकवून आठ-आठ तास त्यांच्या मागे फिरलो आहे. त्यामुळे औषधाचं मला विचारू नका. श्वासातून काय जातं आणि ते कुठून येतं, एवढंच सांगू शकतो.

आता कूलर. काही वर्षांपूर्वी एका गोडाऊनच्या मालकाने मला बोलावलं होतं. तक्रार अशी की हमालांपेक्षा कॅबिनमधल्या मुनीमजींचं डोकं जास्त दुखतं, म्हणजे हे सगळं नाटक आहे. मालकाचा हिशोब सरळ होता: धूर बाहेर डॉकवर, मुनीमजी आत काचेमागे, मग त्रास त्यांना कसा? मी एक मीटर डॉकवर ठेवला, एक त्यांच्या टेबलावर. दुपारी दोन्हीचे आकडे काढले तर टेबलावरचा आकडा डॉकपेक्षा जास्त. क्षणभर मलाच वाटलं की मीटर बिघडला. मग मागे जाऊन पाहिलं. कॅबिनच्या खिडकीत कूलर बसवलेला, त्याची पाठ डॉकच्या बाजूला, आणि त्या पाठीपासून पाच-सहा फुटांवर उभ्या ट्रकचा सायलेन्सर.

कूलर हवा गार करतो, स्वच्छ करत नाही. तो तीन बाजूंच्या ओल्या गवतातून मागची हवा ओढतो आणि पुढे फेकतो. दहा बाय बाराच्या कॅबिनमधली सगळी हवा बऱ्यापैकी मोठा कूलर मिनिटाला एकदा तरी बदलतो. म्हणजे मागे धूर असेल तर मिनिटाला एकदा तुमची खोली धुराने भरली जाते, तीही गारेगार, म्हणून बरं वाटतं. ओल्या वाळ्यात मोठी धूळ अडकते. डिझेलची काजळी इतकी बारीक असते की तिच्यातली बहुतेक त्यातून सरळ पार होते. डॉकवर निदान वारा असतो, कॅबिनमध्ये तोही नाही.

म्हणून उद्या गेल्यावर पहिलं काम: कूलर चालू असताना त्याच्या मागे जाऊन उदबत्ती धरा. धूर कुठून ओढला जातो ते डोळ्यांनी दिसेल. मग कॅबिनच्या दाराच्या फटीपाशी धरा. धूर बाहेर ढकलला जात असेल तर कॅबिन आतून दाबाखाली आहे, आणि ही खरं तर आपल्या फायद्याची गोष्ट आहे. हाच कूलर डॉकच्या उलट बाजूच्या भिंतीत बसवला, जिथं गाडी लागत नाही, जनरेटर नाही, तर तो मागची चांगली हवा आत भरेल आणि त्याच दाबाने डॉकचा धूर दाराबाहेर ठेवेल. कूलर तोच, फक्त भिंत बदलायची. गवंड्याचं एका दिवसाचं काम. त्या मुनीमजींच्या बाबतीत आम्ही एवढंच केलं होतं. त्यांचं डोकं दुखणं पूर्ण थांबलं असं म्हणणार नाही, पण संध्याकाळची गोळी सुटली.

आणखी एक घरगुती तपासणी. कॅबिनमधल्या ट्यूबलाइटच्या पट्टीवरून बोट फिरवा. तपकिरी भुकटी आली तर धूळ. काळं, तेलकट, पाण्याने न निघणारं, साबण लागणारं आलं तर काजळी. ॲलर्जी आहे की धूर, या मालकाशी चाललेल्या वादात ते बोट दाखवायला बरं पडतं.

धुरात असतं काय? डिझेलच्या कणाचा गाभा शुद्ध कार्बनचा, आणि त्याच्यावर अर्धवट जळालेलं इंधन, इंजिन ऑइल आणि अनेक वलयांचे हायड्रोकार्बन चिकटलेले. आकार एक मायक्रॉनच्या आत, बरेचसे त्याच्याही दहाव्या भागाहून लहान. नाकात जे काळं दिसतं ते मोठे गुठळे आणि धूळ. ते नाकाने अडवलेलं, म्हणजे वाचलेलं. जे आत फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातं ते रुमालावर दिसत नाही. त्यामुळे "आता नाक स्वच्छ येतं, म्हणजे बरं आहे" असाही अर्थ काढू नका. कणांच्या जोडीला वायू: नायट्रोजनची ऑक्साइडं, थोडा कार्बन मोनॉक्साइड, डोळ्यांना झोंबणारे अल्डिहाइड. तुमचे डोळे चुरचुरतात ते बहुधा याच वायूंनी. डोकं जड होण्यात मोनॉक्साइड असू शकतो, पण नागपूरच्या उन्हात दिवसभर दोन ग्लास पाण्यावर काम करणाऱ्याचं डोकं तसंही दुखतं. हे सांगतोय कारण मागे एकाने सगळं खापर धुरावर फोडलं होतं, आणि निघालं बीपी.

मालकांचं "गाड्या बीएस-सहा आहेत" हे म्हणणं अर्धं बरोबर आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा आलं, डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत दहा भागांवर उतरलं, आणि नव्या ट्रकच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, आली. काजळीच्या बाबतीत फरक खरोखर मोठा आहे. नवी गाडी आणि जुनी गाडी शेजारी उभी केली की पांढऱ्या कापडावर दिसतो. पण नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर काम करणारी दुसरी यंत्रणा, जिच्यासाठी ड्रायव्हर युरियाचं पाणी भरतात, ती सायलेन्सर दोनशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय नीट चालत नाही. तुमच्या डॉकवर गाडी अर्धा तास नुसती घुरघुरत उभी असते तेव्हा सायलेन्सर थंड होत जातो आणि ती यंत्रणा झोपते. कागदावर बीएस-सहा, पण तुमच्या नाकापाशी वायू तसाच. शिवाय ती काजळीची जाळी भरली की गाडी ती आपोआप जाळून साफ करते, तेव्हा सायलेन्सर पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापतो. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या थप्पीजवळ उभ्या गाडीत कुणी ही सफाई सुरू करायचं बटण दाबू नये. ही आगीची गोष्ट आहे, धुराची नाही, पण तुम्ही डॉक सांभाळता म्हणून सांगितलं.

आणि पीयूसी? ती गाडीच्या धुराचा गडदपणा मोजते. बीएस-चारच्या आधीच्या डिझेल गाडीला ६५ एचएसयूपर्यंत (हे गडदपणाचं एकक), बीएस-चारला ५० पर्यंत सूट आहे. ती तपासणी मोकळ्या जागेत, काही सेकंदांची. बंद शटरमागे एकापाठोपाठ तीस गाड्या लागल्यावर माणूस काय ओढतो, याच्याशी त्या कागदाचा संबंध नाही.

आता खरा प्रश्न: गाडी उभी असताना इंजिन चालू का ठेवतात? सगळे म्हणतात ड्रायव्हरला सवय आहे, अक्कल नाही. मी सुरुवातीला असेच बोर्ड लावले, "इंजिन बंद ठेवा". काही झालं नाही. मग एकदा एका ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, बंद केली तं सेल्फ घेत नाही नं. मंग धक्का तुम्ही माराल का?" बॅटरी मेलेली. दुसऱ्याचं कारण हवा. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. टाकीत हवा भरल्याशिवाय गाडी हलत नाही. कुठं पाइपात गळती असेल तर गाडी बंद केल्यावर हवा उतरते आणि पुन्हा भरायला दहा-पंधरा मिनिटं इंजिन फिरवावं लागतं, म्हणून तो बंदच करत नाही. नीट गाडीला यासाठी चार-पाच मिनिटं पुरतात. तिसऱ्याला उस्तादाने शिकवलेलं की टर्बो थंड होऊ द्यायचा. खरं आहे, पण लांबून तापून आल्यावर दोन-तीन मिनिटं, अर्धा तास नव्हे. आणि आता चौथं कारण वाढतंय: १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. ड्रायव्हरसाठी ही फार चांगली गोष्ट आहे, पण मे महिन्यात लाइनीत उभा असलेला माणूस एसी लावून झोपणार, आणि एसी इंजिनवर चालतो.

म्हणजे बोर्ड लावून भागत नाही. काय केल्याने भागलं ते सांगतो. एका ठिकाणी आम्ही डॉकपाशी एक जंप-स्टार्टची बॅटरी आणि केबल ठेवली, आणि कॉम्प्रेसरचा एक पाइप बाहेर काढून ठेवला, म्हणजे हवा उतरली तर बाहेरून भरता येईल. गेटवर बिल्टी घेतानाच ड्रायव्हरला सांगायचं: बंद कर, सुरू नाही झाली तर आमची बॅटरी आहे. दुसरं, ड्रायव्हरला बसायला पंखा-पाणी असलेली शेड. माणसाला गार जागा मिळाली तर तो केबिनमध्ये कशाला झोपेल? तिसरं, गाड्यांना नंबर देऊन लांब उभं करणं. सगळ्या एकदम डॉकला घुसवायच्या नाहीत. मालकाला पटवायला धुराची भाषा वापरू नका, डिझेलची वापरा. उभा मोठा ट्रक तासाला दीड-दोन लिटर पितो. ते पैसे ट्रान्सपोर्टवाल्याचे, हे खरं, पण ट्रान्सपोर्टवालाही मालकाच्याच फोनवर असतो.

फोर्कलिफ्टचं काय करायचं, हा माझ्या मते तुमच्या गोडाऊनमधला सगळ्यात मोठा मुद्दा आहे, कारण ट्रक येतो-जातो, फोर्कलिफ्ट दिवसभर छपराखाली. काळा धूर टाकत असेल तर एअर फिल्टर चोंदलाय किंवा नोझल गेलंय. निळा असेल तर ऑइल जळतंय. सकाळी थोडा वेळ पांढरा असेल तर थंड इंजिन, पण तापल्यावरही पांढराच राहिला तर मेकॅनिकला दाखवा. यातलं एअर फिल्टरचं काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा राहून जाणारं. कापसीच्या धुळीत कंपनीच्या पुस्तकातल्या तासांवर जाऊ नका, निम्म्या तासांत बघा.

शक्य असेल तर बॅटरीवरची फोर्कलिफ्ट. चार्जिंग मात्र मोकळ्या हवेत, कारण लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. एलपीजीवर बदलण्याचा सल्ला कुणी देईल, तर थांबा. एलपीजीने काजळी जाते, वास जातो, डोळे चुरचुरणं कमी होतं, सगळे खूश होतात. पण इंजिनची सेटिंग बिघडली तर एलपीजी फोर्कलिफ्ट डिझेलपेक्षा कितीतरी जास्त कार्बन मोनॉक्साइड फेकते. त्याला रंग नाही, वास नाही, घशाला खवखव नाही. थंडीत शटर ओढून काम चालू असताना माणसं चक्कर येऊन बसलेली मी पाहिली आहेत. डिझेल निदान सांगून त्रास देतं. एलपीजी आणली तर भिंतीवर मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

हवा किती लागते याचा अंदाज द्यायला ऑस्ट्रेलियातल्या भुयारी खाणींतला एक ठोकताळा वापरतो: इंजिनच्या दर किलोवॅटमागे सेकंदाला ०.०६ घनमीटर ताजी हवा. तीन टनी फोर्कलिफ्टचं इंजिन साधारण तीस-पस्तीस किलोवॅटचं. म्हणजे सेकंदाला दोन घनमीटर, मिनिटाला एकशे वीस. चांगला १८ इंची एक्झॉस्ट पंखा मिनिटाला सत्तर-ऐंशी घनमीटर हवा काढतो. तर एका फोर्कलिफ्टमागे असे दोन पंखे, छताजवळ, आणि समोरच्या भिंतीत खाली हवा आत यायला जागा. दोन्ही पंखे एकाच कोपऱ्यात आणि बाकी सगळं बंद, असं केलं तर पंखे नुसते फिरतात. पेडेस्टल पंखा मात्र धूर कुठंही नेत नाही, तो तुमच्याकडचा शेजाऱ्याकडे आणि शेजाऱ्याकडचा तुमच्याकडे करतो. उन्हाळ्यात घाम वाळवायला वापरा, हवा बदलायला नाही.

जनरेटर असेल तर त्याचा पाइपही बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्र आहे: इमारतीच्या उंचीच्या वर, जनरेटरच्या क्षमतेच्या, म्हणजे केव्हीएच्या, वर्गमुळाच्या ०.२ पट मीटर. शंभर केव्हीएला छपराच्या वर दोन मीटर. अनेक ठिकाणी हा पाइप छपराच्या कडेखाली, खिडकीसमोर संपलेला दिसतो.

आता मास्क. तो मी मुद्दाम इतक्या खाली ठेवला, कारण मास्क दिला की बाकी सगळं विसरायची मालकांना सोय होते. रुमाल, गमछा, ओढणी आणि निळा सर्जिकल मास्क यांचा काजळीवर काही विशेष उपयोग नाही. एन-९५, किंवा आयएस ९४७३ छाप असलेला एफएफपी-२, कण चांगले अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दोन दिवसांची दाढी असेल तर कडेने गळतो. आणि एन-९५ वायू अडवत नाही. काळ्या कार्बनचा थर असलेला मास्क वास कमी करतो म्हणून लोकांना भारी वाटतो, पण मोनॉक्साइड त्यातूनही सरळ जातो. पंचेचाळीस अंशांत आठ तास मास्क कुणी घालत नाही, मीही घालणार नाही. मग काय? फोर्कलिफ्ट कंटेनरच्या आत शिरते ती वीस मिनिटं, सकाळी गाड्या सुरू होतात ती पंधरा मिनिटं, अशा वेळांपुरता मास्क ठेवा. थंडीच्या सकाळी तर नक्की. डिसेंबर-जानेवारीत थंड हवा जमिनीलगत बसलेली असते, शटर अर्धं ओढलेलं असतं आणि गाड्या तापवायला चालू. माझ्या अनुभवात आपल्याकडे वर्षातली सगळ्यात वाईट हवा मे महिन्यात नसते, जानेवारीच्या सकाळी असते.

टेस्टबद्दल. एक्स-रे नॉर्मल आला याचा आनंद माना, पण तुमच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. या त्रासात एक्स-रे सुरुवातीला नॉर्मलच येतो. फुप्फुसाची फुंकायची टेस्ट, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या आणि कागद जपून ठेवा; आज नॉर्मल आली तरी पाच वर्षांनी तुलनेला लागेल. त्याहून उपयोगी म्हणजे पीक-फ्लो मीटर, काही शे रुपयांची प्लास्टिकची नळी. दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी तीन फुंकर, सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. तीन-चार आठवडे, सुट्टीच्या दिवसांसकट. कामाच्या दिवशी आकडा वीस टक्क्यांच्या आसपास खाली-वर होत असेल आणि सुट्टीत स्थिर राहत असेल, तर ती वही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा. माणूस तोंडाने जे सांगतो त्याहून ही वही जास्त बोलते. त्याच वहीत रोज एक ओळ: डोकं दुखलं का, किती वाजता, किती गाड्या होत्या, शटर उघडं होतं का, कोणता माल होता. शेवटचं विसरू नका. तुमच्याकडे मिरचीची पोती येत असतील तर कळमन्याच्या मिरची यार्डातला माणूस कसा खोकतो ते तुम्हाला माहीत आहे. खोकला मिरचीचा आणि बदनाम डिझेल, असंही होतं.

मोनॉक्साइडची रक्ततपासणी कुणी सांगितली तर ती कामाची पाळी संपता-संपता करा. साध्या हवेत रक्तातला मोनॉक्साइड चार-पाच तासांत निम्म्यावर येतो. सुट्टीनंतरच्या सकाळी रक्त दिलं तर काहीच सापडणार नाही, आणि तो कागद तुमच्याच विरोधात वापरला जाईल. तुम्ही बिडी-सिगारेट ओढत असाल तर तो आकडा तसाही वाढलेला येतो, हे डॉक्टरांना आधीच सांगा.

मालक हवा मोजायला तयार झाले तर एक इशारा. स्वस्तातला माणूस मोनॉक्साइडचा मीटर घेऊन येईल, दहा मिनिटं फिरेल, "सगळं मर्यादेत" लिहून देईल. डिझेल इंजिन मुळात मोनॉक्साइड कमीच टाकतं, म्हणून तो आकडा कमी येणं म्हणजे हवा चांगली असं होत नाही. वायूच मोजायचा तर नायट्रोजन डायऑक्साइड मोजा. काजळी मोजायची तर पूर्ण पाळीभर कॉलरला क्वार्ट्झच्या फिल्टरची डबी लावून प्रयोगशाळेत मूळ कार्बन, म्हणजे काजळीच्या गाभ्यातला शुद्ध कार्बन, किती आहे ते काढावं लागतं. खर्चिक आहे, पण खरी मोजणी तीच. कोळशाच्या खाणींत तर तीही फसवते, कारण कोळसाही कार्बनच. तिथं एक मायक्रॉनच्या आतले कण वेगळे करून घ्यावे लागतात. उमरेडकडे ही चूक मी स्वतः एकदा केली आहे आणि आख्खा अहवाल परत लिहिला आहे.

कॅन्सर. खोटा धीर देणार नाही आणि घाबरवणारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये डिझेलच्या धुराला "बहुधा कर्करोगकारक" म्हटलं होतं. जून २०१२ मध्ये तो पहिल्या गटात, म्हणजे तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या गटात, गेला. तो निर्णय मुख्यतः अमेरिकेतल्या आठ खाणींच्या बारा हजारांहून जास्त कामगारांच्या अभ्यासामुळे झाला. कोळशाच्या खाणी त्यात नव्हत्या, मीठ-पोटॅश-चुनखडीसारख्या होत्या, म्हणून कोळशाच्या धुळीचा गोंधळ नव्हता. त्यात सगळ्यात जास्त धूर घेणाऱ्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कमी धूर घेणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट दिसला. पण गट एकच असला म्हणजे धोका एवढाच असतो असं नाही. गट सांगतो की पुरावा किती पक्का आहे. धोका किती, ते किती धूर आणि किती वर्षं यावर ठरतं. ते खाणकामगार जमिनीखाली वर्षानुवर्षं होते. तुम्ही सहा वर्षं डॉकवर आहात, आणि आजपासून कमी केलं तर पुढची पंचवीस वर्षं त्यातून वजा होतात. तंबाखू असेल तर ती आधी सोडा. हृदयाचीही गोष्ट सांगायला हवी, ती कुणी सांगत नाही. २००७ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात, आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसांना पातळ केलेल्या डिझेल धुरात व्यायाम करायला लावला, तेव्हा त्यांच्या ईसीजीत रक्तपुरवठा कमी पडल्याच्या खुणा जास्त दिसल्या. म्हणून तुमच्या डॉकवर कुणी अँजिओप्लास्टी झालेले काका असतील तर त्यांना सायलेन्सरकडचं काम देऊ नका. तेवढं तुमच्या हातात आहे.

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, पण अगदीच रिकामाही नाही. कारखाने अधिनियम १९४८ च्या दुसऱ्या परिशिष्टात आठ तासांसाठी मोनॉक्साइडला ५० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) आणि नायट्रोजन डायऑक्साइडला ३ पीपीएम अशा मर्यादा होत्या. डिझेलच्या काजळीची ओळच नव्हती. नायट्रोजन डायऑक्साइडचा तो आकडाही मला पटत नाही. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ मध्येच स्वतःची शिफारस ०.२ पीपीएमपर्यंत खाली आणली. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून डिझेल धुरातल्या मूळ कार्बनला घनमीटरमागे ०.०५ मिलिग्रॅमची मर्यादा घातली, भुयारी खाणी आणि बोगद्यांना तीन वर्षं जास्त देऊन. आपल्याकडे गोडाऊन म्हणजे कारखाना नव्हे म्हणून हात झटकले जायचे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत दहा किंवा जास्त कामगार असलेली आस्थापना येते, त्यामुळे ते उत्तर आता चालायला नको. तुमचे हमाल माथाडी मंडळात नोंदलेले असतील तर तक्रार मंडळाकडूनही जाऊ शकते, आणि सामूहिक अर्जाला वजन असतं. तुम्ही ईएसआयसीत, म्हणजे कामगार विमा योजनेत, असाल तर तिथल्या डॉक्टरांच्या कागदावर "कामाचं ठिकाण: डिझेल वाहनांचा डॉक" एवढं लिहून घ्या. नुसतं "खोकला" लिहिलेला कागद दहा वर्षांनी काही सिद्ध करत नाही.

नोकरी सोडू का, याला माझं उत्तर: आत्ता नको. कापसीतून निघून वाडीच्या ट्रान्सपोर्टमध्ये गेलात तर सायलेन्सर तेच असतील, फक्त रिंग रोडची दुसरी बाजू. आधी कूलर हलवा, फोर्कलिफ्टचा एअर फिल्टर बदलून घ्या, जंप-स्टार्टची बॅटरी मागा, आणि वही सुरू करा. दोन महिन्यांत वहीतला आकडा सुधारला नाही, किंवा फुंकायची टेस्ट खाली आली, किंवा रात्री शिट्टी वाजल्यासारखा श्वास यायला लागला, तर मग डॉक्टरांशी बोलून दुसरं काम शोधा, त्याच मालकाकडे धुरापासून लांबचं मिळालं तर उत्तमच. चालताना छातीत आवळल्यासारखं झालं किंवा डॉकवर कुणाला चक्कर आली, तर मात्र वही-बिही बाजूला ठेवा, माणसाला उघड्यावर न्या आणि थेट दवाखाना गाठा.

कूलरचं काम होळीच्या आधी उरकून घ्या. एकदा ऊन तापलं की भिंत फोडायला दोन तास कूलर बंद ठेवू म्हटलं तरी ऑफिसमधलं कुणी ऐकणार नाही.